आजीचं खरं वय कसं काढायचं? (कागदावर १०३, माझ्या हिशेबात ९५)

भीमाकाठी | ३ सप्टेंबर २०२४, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची आजी, म्हणजे जिजी, गेल्या वर्षी कार्तिकात गेली. कार्तिकी एकादशीचा उपास सोडला, चार दिवसांनी झोपेतच गेली. येत्या कार्तिकात वर्षश्राद्ध आहे. पत्रिका छापायचीय, फोटोखाली जन्मसाल टाकायचंय, आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. आधारवर ०१/०१/१९२०. रेशनकार्ड, मतदारयादी सगळीकडे तेच धरून वय चढत गेलेलं. म्हणजे गेली तेव्हा १०३. बहुतेक नातेवाइकांना हाच आकडा आवडतो, त्यात मिरवण्यासारखं आहे. पण मला तो पटत नाही. २०२२ च्या दिवाळीत ती स्वतः चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. १०२ वर्षांची बाई?

थोडी माहिती देतो. आम्ही इंदापूर तालुक्यातले. जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे, पळसदेवच्या बाजूला. पाणी चढायला लागलं तसं सगळं गाव वर माळावर आलं. जिजीनं जुन्या घरातनं काय आणलं तर जातं, देवघर आणि तुळशीवृंदावनातली माती. वृंदावन दगडी होतं, उचललं नाही. जन्माचा दाखला वगैरे प्रश्नच नाही. शाळेत ती गेलीच नाही. सही म्हणजे अंगठा, तोही इतका झिजलेला की रेशनच्या मशिनवर उठायचा नाही.

माळकरी होती. एकादशी, हरिपाठ, काकडा, यात खंड म्हणून नाही. तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला आली की ती टोपलंभर भाकरी आणि पिठलं घेऊन जायची. २०२० साली पालखी एसटीनं गेली, तरी तिनं त्या दिवशी तेवढ्याच भाकरी थापल्या आणि गल्लीत वाटल्या.

वय विचारलं की म्हणायची, "आरं, म्या काय लिवून ठिवलंय व्हय?" पण तुकड्या-तुकड्यानं बोलायची. ते तुकडे असे:

माहेरी तिला धोंडी म्हणायचे. श्रावण दोनदा आला त्या सालातला जन्म, आणि एकादशीचा. थोरली बहीण लहानपणीच उजवली होती आणि त्या लग्नात जिजी "कडंवर" होती. "गांधीबाबाला मारलं त्या साली" माझे वडील (अण्णा) झाले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तेव्हा धाकटे काका अंगावर पीत होते. स्वतःच्या लग्नाची गोष्ट मात्र तिनं कधी सांगितली नाही, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

आणखी एक. २०१९ च्या निवडणुकीत शंभराव्या वर्षात पाऊल टाकलेल्या मतदार म्हणून केंद्रावर तिचा सत्कार झाला. हार, शाल, फोटो. घरी आल्यावर हार काढून देवघरात ठेवला आणि म्हणाली, "हार तिचा, मान माझी." ती म्हणजे कोण, हे आम्ही कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं रखुमाईबद्दल बोलतेय.

तर यावरून साल काढता येईल का? इथे पंचांगातले जाणकार आहेत म्हणून विचारतो.

हिरवी मिरची | ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

जिजींना नमस्कार. १ जानेवारी हा भारतातल्या समस्त आज्या-आजोबांचा राष्ट्रीय वाढदिवस आहे. आमच्याकडे सासरे, चुलत सासरे, त्यांचा मेव्हणा, सगळे १ जूनचे. गुरुजींनी शाळा सुरू झाली त्या महिन्यात सगळ्यांना जन्माला घातलं.

शंकेखोर | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

धोंडी नावावर फार विसंबू नका. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात हे खरं, पण आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू ठेवायचीही पद्धत होती. दगडासारखं टिकावं म्हणून, किंवा यमाला वाटावं की हे काही न्यायच्या लायकीचं नाही. माझ्या पणजोबांचं नाव दगडू होतं, आणि ते साध्या माघात जन्मले होते.

पंचांगप्रेमी | ४ सप्टेंबर, सकाळी ६:१५

शंकेखोर यांचा मुद्दा बरोबर आहे, पण इथे आजी स्वतःच "श्रावण दोनदा आला" म्हणाल्यात. तो पुरावा नावापेक्षा पक्का. अधिक श्रावण दर तीन वर्षांनी येत नाही. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, पण तो दर वेळी वेगळा असतो. तोच महिना पुन्हा यायला बहुधा १९ वर्षं लागतात, मधेच कधी ८ किंवा ११.

आपल्या कामाची सालं: १९०९, १९२०, १९२८, १९३९. त्यापुढे १९४७, १९५८, १९६६, १९७७, १९८५, २००४ आणि २०२३.

म्हणजे १९२० सुद्धा बसतं आणि १९२८ सुद्धा! तुमच्या घरातले दोन्ही तट पंचांगाला मान्य आहेत. १९३९ बाद, कारण मग तुमच्या वडिलांच्या जन्मावेळी आजी नऊ वर्षांच्या होतात.

जाता जाता: १५ ऑगस्ट १९४७ हाही अधिक श्रावणातलाच दिवस.

भीमाकाठी | ४ सप्टेंबर, सकाळी ८:३०

बाप रे, इतक्या पहाटे इतका हिशेब! मनापासून आभार. आणि २०२३ वाचून काटा आला. गेल्या वर्षी जुलैत जिजी म्हणाली होती, "यंदा माझा म्हैना आलाय, जावयाला अनारशे घाला." जावई म्हणजे आत्याचे यजमान, वय ७८. त्यांना तेहतीस अनारसे दिले, त्यांनी मधुमेहामुळे एक खाल्ला.

आजोळ | ४ सप्टेंबर, सकाळी ९:५०

थोरल्या बहिणीच्या लग्नाचा धागा कुणी पकडला नाही. सारडा कायदा! आपल्याकडे लोक शारदा कायदा म्हणायचे. सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू. मुलीचं वय किमान १४. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली होती, पाळण्यातल्या पोरीही उजवल्या. तुमच्या आजी कायद्याबद्दल काही बोलायच्या का?

भीमाकाठी | ४ सप्टेंबर, दुपारी १:२०

हो!! "कायदा यायच्या आत अक्काला उजवली, तिला मुंडावळ्या मोठ्या व्हत्या, डोळ्यावर यायच्या, आन् मी आयच्या कडंवर." मी "कायदा यायच्या आत" हे नुसतं बोलण्याच्या ओघातलं समजत होतो.

आजोळ | ४ सप्टेंबर, दुपारी १:३५

मग संपलं की. १९२० चा जन्म असेल तर त्या वेळी आजी साडेनऊ वर्षांच्या. त्यांना कडेवर कोण घेईल? उलट त्याच मांडवात त्यांनाही उजवलं असतं. १९२८ चा असेल तर दीड वर्षाच्या. बरोबर कडेवरच्या.

डॉक्टर बावधनकर | ४ सप्टेंबर, रात्री ९:१५

वैद्यकीय बाजूनेही तेच निघतं. धाकटे काका दुष्काळात अंगावर पीत होते म्हणजे जन्म ७१ च्या आसपास. १९२० धरलं तर आई ५१ वर्षांची. अशक्य म्हणत नाही, पण त्या काळात, त्या खाण्यापिण्यावर... नाही. १९२८ धरलं तर ४३. अशी बाळंतपणं तेव्हा सर्रास होत, सासू-सुनेच्या बाजा एकाच घरात.

सोलापुरी चादर | ४ सप्टेंबर, रात्री ९:४०

७२ चा विषय निघाला म्हणून. माझी आई मंगळवेढ्याकडची. ती सांगते, खडीच्या ढिगावर बायका बसायच्या, लहान पोरं झोळीत टांगलेली, आणि झोळी बांधायला झाड नाही म्हणून तिकाटणं रोवायचे. खायला सुकडी आणि मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. तो तांबडा मिलो जनावरंसुद्धा हुंगून सोडायची म्हणे. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी कायदा आला, १९७७ ला. आई अजूनही हातोडीचा आवाज आला की डोळे मिटते. चिपरी उडण्याची सवय.

जिजींना दंडवत. त्या पिढीचं वय वर्षांत मोजूच नये.

शंकेखोर | ४ सप्टेंबर, रात्री ९:५५

वर्षांत मोजायचं नाही तर पत्रिकेवर काय छापायचं, चादरराव?

भीमाकाठी | ५ सप्टेंबर, सकाळी ७:४५

सगळ्यांचे आभार. पण आता खरी अडचण सांगतो, जी मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही, कारण मला वाटलं तुमच्या उत्तरातून ती आपोआप सुटेल.

आमचे थोरले चुलते, तात्या. त्यांचा जन्म १९४१ चा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, ९९ साली ५८ पूर्ण करून निवृत्त झाले. २०११ ला गेले. जिजी १९२८ ची, तर तात्यांच्या वेळी ती १३ ची सुद्धा नाही. म्हणूनच सगळे १९२० म्हणतात. त्यात तात्या नीट बसतात आणि बाकीचं काहीच बसत नाही. १९२८ मध्ये बाकी सगळं बसतं आणि तात्या बसत नाहीत.

आणि तात्या म्हणजे जिजीचा जीव. एकादशीला त्यांच्या ताटात पहिला शेंगदाण्याचा लाडू. ते गेले तेव्हा तिनं तीन दिवस पाणीसुद्धा घोट-घोट घेतलं.

हिरवी मिरची | ५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

तात्यांचंही १ जूनच असेल. गुरुजींनी दोन-तीन वर्षं वाढवली असतील.

भीमाकाठी | ५ सप्टेंबर, सकाळी ८:२२

१ जूनच आहे. पण वाढवली असतील तर किती? दोन वर्षांनी आकडा सुटत नाही.

गावकामगार | ५ सप्टेंबर, सकाळी ११:००

तहसीलला जाऊन जुनं कोतवाल बुक मागा. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. आजींच्या माहेरच्या गावाचं १९२० आणि १९२८ दोन्ही काढा. मुलीचं नाव नसतं, "अमक्यास मुलगी" एवढंच असतं, पण तारीख असते. काही पानं मोडीत असतात. मोडी वाचणारा मिळेल, माझ्या ओळखीत आहेत. आणि तुमचं गाव धरणात गेलं म्हणजे दप्तर गेलं असं नाही, दप्तर तालुक्याला असतं.

भीमाकाठी | ५ सप्टेंबर, दुपारी ३:१०

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. माहेर करमाळा तालुक्यातलं, त्यातलाही काही भाग पाण्यात गेला. बघतो.

आठवेल ते लिहून ठेवतो, कुणाला काही सुचलं तर. २००१ ला घरात जिजीचं सहस्रचंद्रदर्शन केलं, १९२० धरून. तात्यांचा हट्ट होता. जिजी बसायला तयार नव्हती. "माजं अजून व्हायचंय" म्हणत होती. मी चौदा वर्षांचा होतो, मला वाटलं म्हातारी लाजतेय. मग तात्या आत गेले, काहीतरी बोलले, आणि ती आली. पाटावर बसताना तिनं गळ्यातलं काहीतरी काढून शेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवलं. हळदीकुंकू आधी त्याला, मग स्वतःला.

आणि भाद्रपदात पितरपाटात नवमीला ती एक सवाष्ण जेवायला बोलवायची. साडी-खण द्यायची. एक पान वाढून धरणाच्या काठावर नेऊन पाण्यात सोडायची. आजोबा १९८४ ला गेले, तरी गेल्या वर्षापर्यंत चालू होतं.

माजघर | ५ सप्टेंबर, रात्री ८:३०

भीमाकाठी, मी वयानं मोठी आहे म्हणून विचारते, राग मानू नका. इथे नको असेल तर निरोपातून उत्तर द्या.

ती नवमी म्हणजे अविधवा नवमी. आमच्याकडे अहेव नवमी म्हणतात. घरातली जी बाई नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेली, तिच्यासाठी करतात. आणि नवरा गेला की बहुतेक घरांत ती बंद होते. तुमच्या जिजी आजोबा गेल्यावरही चाळीसेक वर्षं करत राहिल्या. कुणासाठी?

त्यांच्या गळ्यात चांदीचा लहानसा टाक होता का? बाईची मूर्ती कोरलेला?

भीमाकाठी | ५ सप्टेंबर, रात्री ८:४१

होता. आम्ही देवीचा समजत होतो.

टोरांटोची वहिनी | ५ सप्टेंबर, रात्री ९:०५

टाक म्हणजे? आमच्याकडे देवघरात खंडोबाचा टाक आहे तसलाच का? गळ्यात कशाला घालतात?

माजघर | ५ सप्टेंबर, रात्री ९:२०

तसलाच, पण लहान. बिजवराशी लग्न झालं की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालत. सवत म्हणत त्याला. नवी साडी नेसताना, पहिला घास घेताना आधी तिला दाखवायचं. तिचा कोप होऊ नये म्हणून ही रीत. माझ्या चुलत सासूबाईंच्या गळ्यात होता, त्या रागानं उलटा फिरवून ठेवायच्या.

भीमाकाठी, मी याहून पुढं काही बोलत नाही. घरातल्या जुन्या माणसाला विचारा.

आजोळ | ५ सप्टेंबर, रात्री ९:२४

ओह.

शंकेखोर | ५ सप्टेंबर, रात्री ९:५०

यावेळी माझी काही शंका नाही.

नवा मेंबर ७७ | ६ सप्टेंबर, सकाळी १०:३०

अनारसे तेहतीसच का देतात?

पंचांगप्रेमी | ६ सप्टेंबर, सकाळी ११:१५

बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो म्हणून तेहतीस. जाळीदार पदार्थ हवा, म्हणून अनारसे किंवा बत्तासे.

टोरांटोची वहिनी | ८ सप्टेंबर, रात्री १०:००

भीमाकाठी, सगळं ठीक ना?

भीमाकाठी | ९ सप्टेंबर, रात्री ११:५०

ठीक आहे. चार दिवस लिहायला बसलो आणि उठलो.

गणपतीसाठी आत्या घरी आली होती. तिला मोदकांच्या सारणाशी गाठलं आणि सरळ विचारलं, टाक कुणाचा? तिनं किसणी खाली ठेवली. म्हणाली, "कोण बोललं तुला?" मी म्हटलं, इंटरनेटवरच्या एका बाईनं ओळखलं. आत्याला ते फारसं झेपलं नाही, पण बोलली.

आजोबांची पहिली बायको पंचेचाळीसच्या सुमारास पटकीनं गेली. तात्या तेव्हा चार वर्षांचे. पुढच्या उन्हाळ्यात जिजीशी लग्न झालं. जिजी सतरा-अठराची, म्हणजे त्या काळच्या मानानं थोराड. बापाकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून बिजवर. सासरी आल्यावर सासूनं नाव बदललं आणि नवं नाव ठेवलं ते पहिलीचंच. घरात हाक मारायची सवय मोडायला नको म्हणून! आत्याचे शब्द: "कागदावर नाव व्हतंच, वय व्हतंच. माणूस तेवढं बदललं."

म्हणजे १९२० ही तिची. पहिलीची. अंदाजानं कुणीतरी कधीतरी लिहिलेलं वय पुढे जिजीच्या नावावर चढत गेलं, रेशनकार्डावरून मतदारयादीत, तिथून आधारवर. जिजी अठ्ठ्याहत्तर वर्षं दुसऱ्या बाईच्या नावानं आणि वयानं जगली. सत्काराचा हार कुणाचा होता ते आता कळलं.

तात्यांना माहीत होतं. दहा-बारा वर्षांचे असताना गावातल्या कुणीतरी भांडणात सुनावलं. घरी येऊन त्यांनी जिजीला विचारलं, तर तिनं गळ्यातला टाक त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "ही तुजी आय. मी तिची राखण." एवढंच. पुन्हा त्या घरात हा विषय निघाला नाही. अण्णांना माहीत होतं का, हे आत्यालाही ठाऊक नाही. मी अजून विचारलेलं नाही.

२००१ चं तर आता वेगळंच दिसतंय. आत्या म्हणाली, तात्यांना आपल्या आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. जगली असती तर त्या साली झालं असतं. ते आत जाऊन जिजीला तेच म्हणाले. मग ती बसली, आणि टाक शेजारच्या पाटावर ठेवला. दोनशे माणूस जेवलं त्या दिवशी, आणि दोघांशिवाय कुणाला पत्ता नाही की मान कुणाचा चाललाय.

जुन्या गावात नदीच्या कडेला पहिलीला माती दिली होती. ती जागा पाण्यात आहे. म्हणून पान पाण्यात.

आजोळ | १० सप्टेंबर, सकाळी ७:००

सकाळी सकाळी वाचलं. काही लिहवत नाही.

संतोषी वृत्ती | १० सप्टेंबर, सकाळी ९:३०

माफ करा, पण जी गोष्ट त्या माउलीनं आयुष्यभर झाकून ठेवली ती अशी जाहीर मांडणं योग्य आहे का? घरातलं घरात राहू द्यावं.

माजघर | १० सप्टेंबर, सकाळी १०:१०

झाकून? गळ्यात घालून फिरत होत्या त्या. कुणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

शंकेखोर | १० सप्टेंबर, सकाळी १०:२५

शिवाय गाव, नाव, आडनाव काही दिलेलं नाही. धरणग्रस्त गावं काय कमी आहेत का उजनीला.

पण एक खटकतं, लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपण सगळे आता हळवे होऊ आणि म्हणू काय त्याग, काय निष्ठा. त्या मुलीचं नाव पुसून मेलेल्या बाईचं नाव चिकटवलं, गळ्यात तिची मूर्ती बांधली, हे भयंकर आहे. जिजींनी त्यातून काही चांगलं केलं हे जिजींचं. रीतीला त्याचं श्रेय देऊ नका.

माजघर | १० सप्टेंबर, सकाळी ११:४०

शंभर टक्के सहमत. सांगितलं ना, माझ्या चुलत सासूबाई टाक उलटा फिरवायच्या. दोघींच्या गळ्यात एकच रीत.

सोलापुरी चादर | १० सप्टेंबर, दुपारी २:००

जिजी जात्यावर ओव्या म्हणायच्या का? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, त्यात बायका जे कुणाजवळ बोलत नाहीत ते जात्याशी बोलतात. तुमच्या आत्यांना विचारा, एखादी आठवत असेल.

भीमाकाठी | १० सप्टेंबर, रात्री १०:३०

म्हणायची. विचारलं. आत्या म्हणाली की बाकीच्या बायकांच्या ओवीत भाऊ, आईबाप, विठ्ठल यायचा. जिजीच्या ओवीत "बाई" यायची. बाई, तुझं लेकरू जेवलं. बाई, तुझं लेकरू शाळेत गेलं. आत्याला वाटायचं रखुमाईला सांगतेय. ओव्या मात्र तिला पुऱ्या आठवत नाहीत.

शंकेखोर, तुमचं म्हणणं मान्य आहे. मलाही चार दिवस तोच राग होता, फक्त कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. पणजीवर काढावा तर ती १९५६ ला गेली.

पंचांगप्रेमी | ११ सप्टेंबर, सकाळी ६:०५

राहवलं नाही म्हणून जिजींचं स्वतःचं सहस्रचंद्रदर्शन काढलं. १९२८ चा अधिक श्रावण १७ जुलैच्या सुमारास सुरू झाला, त्यातली पौर्णिमा १ ऑगस्टची. जन्म एकादशीचा, पण शुद्ध की वद्य हे माहीत नाही. शुद्ध धरली तर हजारावी पौर्णिमा येते ९ मे २००९, बुद्धपौर्णिमा. वद्य धरली तर एक महिना पुढे, ७ जून २००९, वटपौर्णिमा. "माजं अजून व्हायचंय" हे त्या अगदी हिशेबानं बोलल्या होत्या. आठ वर्षं बाकी होती.

भीमाकाठी | ११ सप्टेंबर, सकाळी ७:५०

साहेब, तुम्ही हे काय केलंत.

२००९ चा उन्हाळा. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली होती, गावी होतो. जिजी ते आख्खं वर्ष वाती वळत होती, कापूस सरकीपासून सुटा करायचा आणि दुपारभर मांडीवर वाती. विचारलं तर म्हणाली, "देवाला लागत्यात." एका रात्री मला म्हणाली, देवळात चल, उजेड धर. लाइट गेलेली होती. तिनं मोठ्या परातीत तूप ओतलं आणि हजार वातींचा एकच जुडगा पेटवला. देवळात आम्ही दोघंच. मी मोबाइलवर कुणाशी तरी बोलत बाहेर आलो, कारण धूर फार झाला होता. चांदणं पडलं होतं हे आठवतं, कारण मोबाइलच्या बॅटरीची गरज लागली नाही. महिना मे की जून, शपथेवर सांगता येणार नाही.

तिनं तिचं करून घेतलं होतं. एकटीनं. मी बाहेर फोनवर.

टोरांटोची वहिनी | ११ सप्टेंबर, सकाळी ८:३०

एकटीनं कुठं, तुम्हाला नेलं होतं की बरोबर.

भीमाकाठी | २७ सप्टेंबर २०२४, रात्री ९:००

शेवटची माहिती देऊन धागा थांबवतो.

काल नवमी झाली. आत्यानं स्वयंपाक केला. गल्लीतल्या एका सुनेला जेवायला बोलावलं, साडी-खण दिला. मग आत्या, मी आणि अण्णा पान घेऊन काठावर गेलो. अण्णांना मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. ते फक्त म्हणाले, "मला वाटायचं तात्यावर तिचा जास्त जीव आहे. लहानपणी फार राग यायचा." पंचाहत्तरी उलटलेला माणूस.

मे महिन्यात उजनी पार खोल वजा गेली होती तेव्हा आम्ही चिखलातून जुन्या घराच्या जोत्यापर्यंत चालत गेलो होतो. वृंदावन तिथंच आहे, वरचा भाग फुटलाय. तेव्हा नदीकडच्या कडेला आत्या एका जागी थांबली होती, मला वाटलं दमली. काल तिथं धरण काठोकाठ भरलेलं. पान सोडलं, थोडं तरंगलं, मग गोल फिरून बसलं. टाक आता आत्याकडे आहे. ती घालत नाही, देवघरात ठेवलाय.

गावकामगार यांच्या सांगण्यावरून कोतवाल बुकासाठी अर्ज केलाय, अजून उत्तर नाही. पण त्यासाठी थांबणार नाही. छापखान्यात मजकूर देऊन आलो. जिजीच्या फोटोखाली: जन्म, अधिक श्रावण, शके १८५०. १०३ वाले नातेवाईक थोडे नाराज आहेत. त्याच्या वरच्या ओळीत तात्यांच्या आईचं नाव, जन्म सुमारे १९२०, मृत्यू सुमारे १९४५. फोटो नाही, म्हणून तिथं टाकाचा फोटो काढून दिला. दोघींचं नाव एकच, तर छापखानेवाल्यानं फोन करून विचारलं, "साहेब, नाव दोनदा पडलंय, एक काढू का?"

जिजीच्या नावापुढे कंसात "धोंडी" टाकायला सांगितलं.

हिरवी मिरची | २७ सप्टेंबर, रात्री ९:४०

पत्रिका छापून आली की इथे टाका. नावं झाकून.

नवा मेंबर ७७ | २७ सप्टेंबर, रात्री १०:१५

बत्तासे चालतात म्हणालात ते कुठल्या प्रकारचे? आमच्या घरी अनारसे फसफसतात नेहमी.

माजघर | २७ सप्टेंबर, रात्री १०:३२

तांदूळ तीन दिवस भिजवता का दोन? पाणी रोज बदलायचं. वेगळा धागा काढा, सांगते.